‘रीअपिअर’ नेमकं कधी आणि कसं वापरायचं

‘द बग गॉट रीअपिअर्ड.’ ‘आय हॅव टू रीअपिअर द एक्झाम.’ ‘ही रीअपिअर्ड टू मी ॲट डेक्कन.’

हिंजवडीतल्या ऑफिसांचे मेल, कॉलेजच्या कार्यालयात द्यायचे अर्ज, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधले सरावाचे निबंध, सगळीकडे ही वाक्यं या ना त्या रूपात भेटतात. तिन्ही चुकीची आहेत, आणि प्रत्येकातली चूक वेगळी आहे.

लिहिणाऱ्याला अर्थ ठाऊक नसतो असं नाही. ‘पुन्हा दिसणे’ हा अर्थ त्याला पाठ असतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. आपलं ‘दिसणे’ बरीच कामं करतं. ‘रीअपिअर’ त्यातलं एकच करतं. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी शब्द बसतो का ते बघायचं, मग कर्ता ठरवायचा, मग रचना, मग शब्दयोगी अव्यय, आणि काळ सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. ‘रीअपिअर्ड’ लिहू की ‘हॅज रीअपिअर्ड’, यावर डोकं खाजवत बसतात आणि मुळात तिथे हा शब्दच नको होता हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

पूर्वतयारी: स्पेलिंग, उच्चार, रूपं

स्पेलिंग तोडून लिहा: आधी आर-ई, मग ए, डबल पी, ई, ए, आर. म्हणजे ‘अपिअर’चं अख्खं स्पेलिंग जसंच्या तसं आणि पुढे ‘री’. मध्ये जोडरेघ लागत नाही. एकच पी लिहिणं ही नेहमीची चूक. विरुद्धार्थी ‘डिसअपिअर’मध्ये लोक याच्या बरोबर उलट करतात, एस दोनदा आणि पी एकदा. तिथेही पी दोनदाच आहे आणि एस एकदा.

उच्चार री-अ-पिअर. जोर शेवटच्या ‘पिअर’वर, मधला ‘अ’ अगदी ओझरता. ‘रिॲपियर’ असा मधल्या ‘ॲ’वर वजन देऊन केलेला उच्चार पुण्यात फार ऐकू येतो, तो सोडा. भूतकाळी रूपाच्या शेवटी फक्त ‘ड’ ऐकू येतो: रीअपिअर्ड. ‘रीअपिअरेड’ नाही.

भूतकाळी रूप लिहिताना आर डबल होत नाही. ‘ऑकर’ आणि ‘रिकर’ यांची भूतकाळी रूपं करताना होतो, म्हणून हात आपोआप इथेही दोन आर टाकून जातो. नाम ‘रीअपिअरन्स’, त्याचा शेवट ए-एन-सी-ई असा, ई-एन-सी-ई नाही.

*तपासणी:* कागदावर न बघता ‘डिसअपिअर्ड’, ‘रीअपिअर्ड’, ‘रीअपिअरन्स’ लिहून काढा. तिन्हींत पी दोनदा आलाय का? आलाय, तर पुढे चला.

१. तीन प्रश्न विचारा, मगच शब्दाला हात लावा

एखाद्या गोष्टीबद्दल ‘रीअपिअर’ वापरण्याआधी विचारा: ती आधी दिसत होती का? मध्ये दिसेनाशी झाली होती का? आता परत नजरेच्या टप्प्यात आली का? तिन्हींना ‘हो’ असेल तरच पुढे जा.

भिडे पूल घ्या. एरवी मुठेच्या पात्रातला हा पूल सगळ्यांना दिसतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की तो पाण्याखाली जातो. विसर्ग कमी केला, पाणी उतरलं, की आधी पुलाचा पृष्ठभाग आणि त्यावर साचलेला गाळ-कचरा दिसायला लागतो. तिन्ही प्रश्नांना ‘हो’. ‘द भिडे ब्रिज रीअपिअर्ड व्हेन द वॉटर वेन्ट डाउन.’ चोख वाक्य.

यात पूल हलला नाही, हे बघून ठेवा. हललं ते पाणी. ‘रीअपिअर’ला हालचाल लागत नाही, नजरेआड होणं आणि नजरेसमोर येणं एवढंच लागतं. म्हणूनच इथे ‘द ब्रिज रिटर्न्ड’ म्हणता येत नाही. पूल कुठे गेलाच नव्हता. उजनीच्या फुगवट्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी आटलं की वर दिसू लागतं, तिथेही हेच क्रियापद बसतं आणि याच कारणानं.

आता वरचा झेड ब्रिज. तो पाण्याखाली जात नाही. गावाहून महिन्याभरानं परत आल्यावर तुम्हाला तो ‘पुन्हा दिसला’, तरी तो रीअपिअर झाला नाही. नजरेआड तुम्ही गेला होतात, तो नाही. इंग्रजीत लिहायचं ‘आय सॉ द झेड ब्रिज अगेन’.

*थांबा:* ‘मध्ये दिसेनासं झालं होतं का’ या प्रश्नाला अनेक जण ढोबळ ‘हो’ म्हणतात. ‘मी बघितलं नव्हतं’ आणि ‘ते दिसत नव्हतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं खरं असेल तर ‘सी अगेन’. दुसरं खरं असेल तर ‘रीअपिअर’.

२. कर्ता ठरवा: बघणारा की दिसणारा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळू.

मराठीत ‘मला तो डेक्कनला परत दिसला’ हे वाक्य अगदी सरळ आहे. ‘मला’ आहे, म्हणून आपण इंग्रजीत ‘टू मी’ टाकतो: ‘ही रीअपिअर्ड टू मी ॲट डेक्कन.’ इंग्रजी वाचणाऱ्याला हे वाक्य चमत्कारिक वाटतं. ‘अपिअर टू समवन’ ही रचना साक्षात्कार, भूत, स्वप्नातला दृष्टांत अशा ठिकाणी येते. म्हणजे तुमचा मित्र वारला असून त्यानं गुडलक चौकात तुम्हाला दुसऱ्यांदा दर्शन दिलं, असा त्याचा सूर होतो. तुम्हाला म्हणायचं असतं ‘आय सॉ हिम अगेन ॲट डेक्कन’. बघणारा महत्त्वाचा असेल तर ‘आय’ कर्ता करा आणि ‘सी’ वापरा. दिसणारा महत्त्वाचा असेल तर तो कर्ता करा, ‘रीअपिअर’ वापरा आणि ‘टू मी’ खोडून टाका.

‘काय रे, बऱ्याच दिवसांनी दिसलास!’ याचंही असंच. ‘यू रीअपिअर्ड आफ्टर मेनी डेज’ नको. ‘हॅव्हन्ट सीन यू इन अ व्हाइल’ म्हणा. जवळच्या मित्राला टोमणा मारायचाच असेल तर ‘सो यू हॅव रीअपिअर्ड!’ चालतं, पण त्यात ‘कुठे तोंड लपवून बसला होतास’ हा भाव येतो. साहेबांना असं म्हणू नका.

आता दुसरा सापळा. मराठीत ‘दिसणे’ म्हणजे ‘वाटणे’ही. ‘आज ती पुन्हा दमलेली दिसते.’ इंग्रजीत ‘अपिअर’ हे काम करतं: ‘शी अपिअर्स टायर्ड.’ मग ‘पुन्हा’ आलं की त्याला ‘री’ लावून ‘शी रीअपिअर्स टायर्ड’ केलं जातं. हे चालत नाही. ‘री’ लागलं की ‘वाटणे’ हा अर्थ गळून पडतो आणि फक्त ‘नजरेसमोर येणे’ उरतो. त्या वाक्याचा अर्थ होईल, ती कुठून तरी परत समोर आली आणि येताना दमलेली होती. तुम्हाला हवं आहे ‘शी लुक्स टायर्ड अगेन’.

तसंच ‘अहवालात असं दिसून येतं की...’ या अर्थाचं ‘इट अपिअर्स दॅट’. याला ‘री’ कधीच लागत नाही. ‘इट रीअपिअर्स दॅट’ असं इंग्रजीत कुणी लिहीत नाही.

*तपासणी:* तुमच्या मराठी वाक्यात ‘दिसणे’च्या जागी ‘नजरेसमोर येणे’ टाकून बघा. वाक्य उभं राहिलं तर ‘रीअपिअर’ चालेल. ‘वाटणे’ टाकल्यावर उभं राहिलं तर ‘लुक’ किंवा ‘सीम’ घ्या.

३. रचना: कर्म नाही, कर्मणी नाही, ‘गॉट’ नाही

‘रीअपिअर’ अकर्मक आहे. त्याच्या मागे ‘वॉज’, ‘गॉट’, ‘हॅज बीन’ यांतलं काही लावायचं नाही.

चूक: ‘द फाइल वॉज रीअपिअर्ड.’ ‘द बग गॉट रीअपिअर्ड.’ ‘द इश्यू हॅज बीन रीअपिअर्ड.’
बरोबर: ‘द फाइल रीअपिअर्ड.’ ‘द बग रीअपिअर्ड.’ ‘द इश्यू हॅज रीअपिअर्ड.’

‘गॉट’ येतो तो आपल्या ‘झालं’मधून. बोलताना आपण ‘बग रीअपिअर झाला’ म्हणतो, आणि मेल लिहिताना त्या ‘झाला’ला काहीतरी द्यावं म्हणून ‘गॉट’ बसवतो. मराठी बोलण्यातलं ‘रीअपिअर झाला’ राहू दे, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. इंग्रजीत उतरवताना तो ‘झाला’ तेवढा गाळा.

दुसरी अडचण प्रयोजकाची. मराठीत दिसणे-दाखवणे, उठणे-उठवणे अशी जोडी असते. इंग्रजीत ‘रीअपिअर’ची अशी जोडी नाही. ‘आय रीअपिअर्ड द आयकॉन’ हे वाक्यच होत नाही. तुम्ही स्वतः काही करून ती गोष्ट परत आणली असेल तर ‘आय रिस्टोअर्ड द आयकॉन’ किंवा ‘आय ब्रॉट बॅक द आयकॉन’. तुमच्या कृतीमुळे ती आपोआप आली असेल तर ‘रिफ्रेशिंग द पेज मेड द आयकॉन रीअपिअर’. इथे ‘मेड’नंतर साधं ‘रीअपिअर’ येतं, ‘टू’ नाही.

*थांबा:* ‘रीअपिअर अगेन’ आणि ‘रीअपिअर बॅक’ खोडा. ‘री’मध्ये ‘पुन्हा’ आलेलंच आहे. ‘अगेन’ला एकच सवलत आहे: गोष्ट गेली, आली, पुन्हा गेली आणि दुसऱ्यांदा परत आली, तर त्या दुसऱ्या खेपेला ‘रीअपिअर्ड अगेन’ शोभतं. ‘बॅक’ला ती सवलतही नाही.

४. पुढचा छोटा शब्द निवडा

कुठे दिसलं, हे सांगायला ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’. स्क्रीनवर, रंगमंचावर, हॉटेलच्या मेन्यूवर: ‘ऑन’. यादीत, बातमीत, शहरात: ‘इन’. दारात, खिडकीशी: ‘ॲट’. हे ‘अपिअर’सारखंच आहे, नवं काही शिकायला नको.

शिकायला हवं ते ‘फ्रॉम’चं. आडोसा सांगायचा असेल तर ‘फ्रॉम’ एकटा पुरत नाही. त्याला जोडीदार लागतो. ढगांमागून सिंहगडाचा टॉवर परत दिसला: ‘द टॉवर रीअपिअर्ड फ्रॉम बिहाइंड द क्लाउड्स.’ पाण्याखालून: ‘फ्रॉम अंडर द वॉटर.’ खंडाळ्याच्या घाटात बोगद्यातून गाडी बाहेर आली तर मात्र ‘फ्रॉम द टनेल’ चालतं, पण ‘द ट्रेन रीअपिअर्ड ॲट द अदर एन्ड ऑफ द टनेल’ जास्त चांगलं वाटतं. आपल्या ‘-मागून’, ‘-खालून’ या प्रत्ययांत दोन्ही भाग एकत्र असतात, म्हणून इंग्रजीत लिहिताना त्यातला एक हमखास गळतो.

‘ॲज’ वेगळ्या रूपासाठी. बंद पडलेलं दुकान कॅफे होऊन परत सुरू झालं: ‘द शॉप रीअपिअर्ड ॲज अ कॅफे.’ समितीसमोर किंवा न्यायालयासमोर पुन्हा हजर राहायचं असेल तर ‘बिफोर’.

५. आता काळ

इतकं केल्यावर काळ फारसा छळत नाही. वेळ सांगितली असेल तर साधा भूतकाळ: ‘इट रीअपिअर्ड यस्टरडे.’ वेळ न सांगता ‘आत्ता परत आलेलं आहे आणि आहेच’ असं असेल तर ‘हॅज रीअपिअर्ड’. दोन्ही एकत्र नकोत. ‘हॅज रीअपिअर्ड यस्टरडे’ चूक.

वारंवार घडणाऱ्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ. पावसाळ्यापूर्वी बुजवलेले खड्डे पहिल्या चांगल्या पावसात उघडे पडतात, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. ‘द पॉटहोल्स रीअपिअर एव्हरी मॉन्सून.’ याच रस्त्यावर आज उभे असाल तर ‘द पॉटहोल्स हॅव रीअपिअर्ड’. आणि तक्रारीचा सूर हवा असेल तर ‘कीप’ला बोलवा: ‘द पॉटहोल्स कीप रीअपिअरिंग.’ इथे ‘आर रीअपिअरिंग’ लिहिलं तर अर्थ बदलतो. खड्डे या क्षणी एकेक करून वर येताहेत असं चित्र उभं राहतं. आपण चालू काळ गरजेपेक्षा फार वापरतो, आणि या क्रियापदात ते लगेच उघडं पडतं.

भूत आणि भविष्य एकाच वाक्यात बघायचं तर हॅलेचा धूमकेतू घ्या. साधारण ७६ वर्षांनी तो सूर्याजवळ येतो. ‘हॅलेज कॉमेट रीअपिअर्ड इन १९८६ अँड विल रीअपिअर इन २०६१.’

६. शेजारचे शब्द तपासा

आतापर्यंतचं सगळं बरोबर असूनही दुसरा शब्द जास्त नेमका असू शकतो.

*रिकर:* घटना पुन्हा घडते तेव्हा. डोळ्यांना दिसणारी गोष्ट ‘रीअपिअर’ होते, प्रसंग ‘रिकर’ होतो. त्वचेवरचं पुरळ रीअपिअर. ताप, दुखणं रिकर किंवा रिटर्न. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे पक्कं करावं. एरर मेसेज रीअपिअर होतो, पण सर्व्हर पुन्हा बंद पडला तर ‘द आउटेज रिकर्ड’ किंवा सरळ ‘इट हॅपन्ड अगेन’. ‘इश्यू’ आणि ‘बग’ हे मधले शब्द आहेत, त्यांना दोन्ही चालतात.

*रिटर्न:* माणूस ठरवून, अपेक्षेप्रमाणे परत येतो तेव्हा. ‘रीअपिअर’मध्ये थोडं आश्चर्य असतं, ‘अरे, हा उगवला!’ असं. म्हणून सुट्टीच्या मेलमध्ये ‘आय विल रीअपिअर ऑन मंडे’ लिहिलं की वाचणारा गालात हसतो. ‘आय विल बी बॅक ऑन मंडे’ लिहा.

*रीसरफेस:* दडलेली, विसरलेली गोष्ट वर येते तेव्हा. जुनं प्रकरण, जुना व्हिडिओ, जुना वाद. बातमीच्या भाषेत हा शब्द चांगला बसतो.

*शो अप:* गप्पांमध्ये. तीन दिवस गायब असलेलं मांजर दारात आलं तर घरातला माणूस ‘द कॅट शोड अप’ म्हणेल. ‘रीअपिअर्ड’ चूक नाही, जरा लिखित वाटतं इतकंच.

७. परीक्षेचं प्रकरण

विद्यार्थ्यांना हा शब्द सर्वांत जास्त इथेच लागतो, आणि याचे नियम थोडे वेगळे आहेत.

परीक्षेला बसणे म्हणजे ‘अपिअर फॉर ॲन एक्झाम’, ही भारतातली इंग्रजी. ब्रिटनमध्ये ‘सिट’, अमेरिकेत ‘टेक’. साहजिकच पुन्हा बसण्याला आपल्याकडे ‘रीअपिअर’, तिकडे अनुक्रमे ‘रीसिट’ आणि ‘रीटेक’. आपली रूढी चुकीची नाही, ती आपली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला किंवा दहावी-बारावीच्या मंडळाला अर्ज करताना ‘आय विश टू रीअपिअर फॉर द एक्झामिनेशन’ बिनधास्त लिहा. फक्त ‘फॉर’ विसरू नका. ‘इन’ही आपल्याकडे चालतं, एका अर्जात दोन्हींची भेळ करू नका. ‘रीअपिअर द एक्झाम’ मात्र कुठेच चालत नाही, कारण तिसरी पायरी: या क्रियापदाला कर्म लागत नाही.

परदेशी विद्यापीठाला लिहित असाल तर शब्द बदला. ‘आय रीअपिअर्ड फॉर मॅथ्स’ वाचून तिथला माणूस गोंधळेल. ‘आय रीटुक द मॅथ्स एक्झाम’ लगेच कळेल. एटीकेटी, केटी, बॅकलॉग हे शब्दही तिकडे तसेच्या तसे पाठवू नका. ‘बॅकलॉग’चा त्यांच्याकडचा अर्थ साचलेलं काम असा आहे, नापास झालेला विषय असा नाही. ‘आय फेल्ड वन सब्जेक्ट अँड पास्ड इट ऑन द सेकंड अटेम्प्ट’ असं सरळ लिहिलेलं बरं.

*थांबा:* पंजाब-हरियाणाकडच्या काही विद्यापीठांत ‘रीअपिअर’ हे नाम म्हणून चालतं, ‘माझा एक रीअपिअर आहे’ अशा अर्थानं. तिकडच्या मित्राच्या तोंडी ऐकून पुण्यातल्या अर्जात ते लिहू नका. इंग्रजीतलं नाम ‘रीअपिअरन्स’, आणि परीक्षेसाठी तेही सहसा वापरत नाहीत.

८. एक मेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मराठीत मनात आहे ते असं: ‘काल दुरुस्त केलेली अडचण आज सकाळी परत दिसली. लॉगिन केल्यावर सेव्हचं बटण गायब होतं. पेज रिफ्रेश केलं की ते परत येतं, पण एरर मेसेज पुन्हा पुन्हा दिसत राहतो. मला हा प्रॉब्लेम दुसऱ्या ब्राउझरमध्ये परत दिसला नाही.’

पहिलं वाक्य. अडचण दिसत होती, दुरुस्तीनं गेली, परत आली, शब्द बसतो. वेळ दिली आहे, म्हणून साधा भूतकाळ: ‘द इश्यू वी फिक्स्ड यस्टरडे रीअपिअर्ड धिस मॉर्निंग.’ दुसऱ्यात फक्त गायब होणं आहे आणि ते दर वेळी घडतं: ‘द सेव्ह बटन डिसअपिअर्स आफ्टर लॉगिन.’ तिसऱ्यात बटण रिफ्रेशनं आपोआप येतं, आणि मेसेजला ‘कीप’ हवं: ‘इट रीअपिअर्स व्हेन द पेज इज रिफ्रेश्ड, बट द एरर मेसेज कीप्स कमिंग अप.’ इथे ‘कीप्स रीअपिअरिंग’ही बरोबर होतं, एका वाक्यात तोच शब्द दोनदा नको म्हणून बदलला.

चौथं वाक्य फसवं आहे. ‘मला परत दिसला नाही’ वाचून हात ‘डिड नॉट रीअपिअर टू मी’कडे जातो. पण दुसऱ्या ब्राउझरमध्ये तो प्रॉब्लेम आधी कधी होताच कुठे? पहिल्याच प्रश्नाला उत्तर ‘नाही’. तेव्हा ‘आय डिड नॉट सी द प्रॉब्लेम इन अनदर ब्राउझर’, आणि मराठीतला ‘परत’ इंग्रजीत कुठेच न्यायचा नाही.